फुफ्फुसातील बुरशी: हळद, हिरडा, लसूण यांनी बरी होते का?

जुन्नर-आंबेगाव भागात पावसाळ्यात बराखीतला कांदा निवडायला घेतला की काळी भुकटी उडते. ही भुकटी म्हणजे ‘ॲस्परजिलस’ जातीच्या बुरशीचे बीजाणू. याच कुळातली दुसरी बुरशी कुजणारा पालापाचोळा, ओला कडबा आणि शेणखताच्या ढिगात वाढते. फुफ्फुसाचे आजार जास्त करून तिच्यामुळे होतात. असे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. निरोगी फुफ्फुस ते बाहेर टाकते किंवा नष्ट करते, म्हणून बहुतेकांना काही होत नाही.

त्रास कोणाला होतो?

• दम्याच्या काही रुग्णांना या बुरशीची ॲलर्जी होते. दमा आटोक्यात येत नाही आणि तपकिरी, घट्ट बेडके पडतात.
• पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांच्या फुफ्फुसात कधीकधी पोकळी राहते. तिथे बुरशी घर करते, काही वेळा तिचा गोळा तयार होतो. महिनोन्‌महिने खोकला, वजन घटणे आणि थुंकीतून रक्त पडणे ही त्याची लक्षणे आहेत.
• कॅन्सरवरील केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर बुरशी फुफ्फुसात झपाट्याने पसरते. हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

दुसऱ्या प्रकाराची लक्षणे टीबीसारखीच असल्याने ‘टीबी उलटला’ असे समजले जाते. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नसतील आणि खोकला थांबत नसेल, तर बुरशीचा विचार करावा लागतो. निदानासाठी थुंकीची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातील ॲस्परजिलसविरोधी प्रतिपिंडांची चाचणी करतात.

वनस्पतींबद्दल संशोधन काय सांगते?

हळदीतील कर्क्युमिन, लसणातील ॲलिसिन, ओव्यातील थायमॉल, लवंग-तुळशीतील युजेनॉल, तसेच आपल्या पश्चिम पट्ट्यात गोळा होणाऱ्या हिरड्याचा अर्क यांनी प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखलेली दिसली आहे. ही माहिती खरी आहे. पण काचेच्या बशीतली बुरशी मरणे वेगळे आणि माणसाच्या फुफ्फुसातली मरणे वेगळे.

कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करते. ॲलिसिन रक्तात काही मिनिटांतच नाहीसे होते. पोकळीतल्या बुरशीच्या गोळ्याला तर रक्तपुरवठाच नसतो, तिथे नेहमीची औषधेही कशीबशी पोहोचतात. बुरशीला मारण्याइतके प्रमाण काढ्यातून फुफ्फुसापर्यंत जात नाही. म्हणूनच फुफ्फुसाच्या बुरशीवर वनस्पतीपासून बनलेले एकही औषध आज प्रमाणित उपचारात नाही.

याचा अर्थ निसर्गातून औषध मिळत नाही असा नव्हे. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आले. बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन-बी मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. मात्र तिथे नेमका घटक वेगळा काढला, मात्रा ठरवली आणि रुग्णांवर चाचण्या झाल्या.

मग उपचार कोणते?

पोकळीतल्या बुरशीसाठी साधारणपणे इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल किमान 6 महिने, अनेकदा त्याहून जास्त काळ द्यावे लागते. मधेमधे यकृताची तपासणी होते. ॲलर्जीच्या प्रकारात स्टेरॉइड किंवा बुरशीविरोधी गोळ्या देतात. रक्त जास्त पडत असेल तर रक्तवाहिनी बंद करण्याची प्रक्रिया किंवा शस्त्रक्रिया करावी लागते.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्या. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे ती नीट शोषली जात नाही. टीबीवरील रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांचा परिणाम फार कमी होतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

घरगुती उपायांचे काय करायचे?

हळद-दूध, आल्याचा काढा, भाजलेला हिरडा चघळणे याने घशाला आराम पडतो. स्वयंपाकाइतक्या प्रमाणात घ्यायला सहसा हरकत नाही, पण औषधाच्या जागी नको. पुढील गोष्टी मात्र टाळा:

• कर्क्युमिनच्या तीव्र कॅप्सूल. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे आणि बुरशीच्या गोळ्याही यकृतावर ताण देतात.
• निलगिरी, ओवा किंवा लवंगेचे तेल पोटात घेणे. लहान मुलांना निलगिरी तेलाने झटके येऊ शकतात.
• घटक न लिहिलेल्या दम्याच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने चार दिवस बरे वाटते आणि आत बुरशी वाढते.

काही घेत असाल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून न सांगितलेला काढा औषधाचे गणित बिघडवू शकतो.

काळजी कशी घ्याल?

दमा किंवा जुना टीबी असलेल्यांनी सडका कांदा निवडणे आणि शेणखत उकरणे शक्यतो दुसऱ्यावर सोपवावे. करावेच लागले तर एन-95 मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

थुंकीतून रक्त पडले, धाप वाढली, किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना ताप-खोकला सुरू झाला, तर एक दिवसही थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची टीबी तपासणी मोफत होते. तिथून सुरुवात करा.