संकरित लोहविद्युत् पदार्थ

संकरित लोहविद्युत् पदार्थ : कार्बनी व अकार्बनी घटक एकाच स्फटिकरचनेत असलेले लोहविद्युत् पदार्थ. ज्या स्फटिकात बाह्य विद्युत् क्षेत्र नसतानाही विद्युत् ध्रुवण असते व क्षेत्र लावून ध्रुवणाची दिशा उलटविता येते, त्यास लोहविद्युत् म्हणतात. लोखंडाशी याचा संबंध नाही. लोहचुंबकाशी असलेल्या वर्तनसाम्यावरून हे नाव पडले. असा स्फटिक दाबविद्युत्‌ही असतो. म्हणजे तो दाबला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतात. यंत्रांची कंपने, पावलांचा दाब इ. वाया जाणाऱ्या यांत्रिक ऊर्जेपासून वीज मिळविण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग करतात.

दाबविद्युत् परिणाम प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत रोशेल लवण (सोडियम पोटॅशियम टार्टारेट) होते. सतराव्या शतकात फ्रान्समधील ला रॉशेल येथे तयार झालेले हे लवण रेचक म्हणून वापरीत. जोझेफ व्हॅलासेक यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९२० मध्ये याच लवणात लोहविद्युत् गुण दाखविला. टार्टारेट आयन कार्बनी असल्याने लोहविद्युत् पदार्थाचा पहिला नमुनाच अंशतः कार्बनी होता. ध्वनिमुद्रिकावादक व ध्वनिग्राहक यांत तो वापरला गेला. परंतु तो पाण्यात विरघळतो व त्याचा लोहविद्युत् गुण सु. -१८° ते २४° से. एवढ्याच तापमानात टिकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टिटॅनेट व १९५० नंतरच्या दशकात लेड झिर्कोनेट टिटॅनेट पुढे आले. ही मृत्तिका द्रव्ये टिकाऊ व कोणत्याही आकारात घडविता येण्याजोगी असल्याने रोशेल लवण मागे पडले. मात्र ती ठिसूळ असतात, त्यांच्या भाजणीस सु. १,०००° से. च्या वर तापमान लागते आणि दुसऱ्यातील शिसे विषारी आहे. यूरोपीय संघाने २००३ मध्ये विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, तेव्हाही योग्य पर्यायाअभावी दाबविद्युत् मृत्तिकांना सूट द्यावी लागली.

त्यामुळे संशोधकांचे लक्ष पुन्हा कार्बनी आयनांकडे वळले. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ट्रायमिथिल क्लोरोमिथिल अमोनियम आयन व मँगॅनीज क्लोराइड यांपासून बनविलेल्या संकरित स्फटिकाचा दाबविद्युत् गुणांक १८५ पिकोकुलंब प्रतिन्यूटन आढळला. बेरियम टिटॅनेटचा तो सु. १९० आहे. असे स्फटिक विद्रावातून साध्या तापमानास मिळतात व बहुवारिकात मिसळून त्यांचे लवचिक पापुद्रे करता येतात. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही अशा संमिश्रांपासून यांत्रिक ऊर्जा मिळविण्यावर संशोधन झाले आहे.

मिळणारी शक्ती अल्प असल्याने तिचा उपयोग लहान संवेदकांपुरताच संभवतो. शिवाय यांतील अनेक लवणे दमट हवेत टिकत नाहीत. ज्या दोषामुळे रोशेल लवण मागे पडले, तो दूर करणे हेच या क्षेत्रातील प्रमुख कार्य आहे.