लोकर का टोचते?

स्वेटर टोचतो म्हणून कुरकुरणाऱ्या मुलाला आपल्या घरांतून एकच उत्तर ठरलेले असते : “सवय होईल.” त्यानंतरही कुरकुर थांबली नाही, तर “भारी नाजूक झालास!” असा शेरा मिळतो आणि स्वेटर अंगात चढतोच. हे उत्तर मी ऐकले आहे. वाचकांपैकी बहुतेकांनीही ऐकले असेल. पुढे जुने ग्रंथ चाळताना माझ्या ध्यानात आले, की ही तक्रार निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवण्याची रीतही तशीच जुनी आहे. मौज अशी, की तक्रार करणारे मूलच बरोबर होते हे प्रयोगशाळेत ठरायला १९८८ साल उजाडावे लागले.

बुद्धाच्या काळी अजित नावाचा एक तत्त्वचिंतक होऊन गेला. तो केसांचे कांबळे पांघरी, म्हणून लोक त्याला केशकंबली म्हणत. अंगुत्तरनिकायात अशा कांबळ्याचा मोठा मार्मिक उल्लेख येतो. विणलेल्या सर्व वस्त्रांत ते हीन ठरवले आहे. कारणे काय, तर ते थंडीत गार पडते, उन्हाळ्यात तापते, दिसायला वाईट, वासाला वाईट आणि स्पर्शाला दुःखदायक. वास्तविक तिथे वस्त्रांची चर्चा चाललेलीच नाही. मक्खली गोसालाचे मत सर्व मतांत हीन, हे सांगण्यासाठी ही उपमा योजली आहे. पण उपमा म्हणून जी वस्तू घ्यायची ती ऐकणाऱ्याच्या अंगाखांद्यावरची असावी लागते. केसाळ कांबळे अंगाला कसे लागते हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसणार.

तक्रारीची दुसरी बाजू कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. राजाच्या कोशात कोणत्या मौल्यवान वस्तू घ्याव्यात आणि त्या कशा पारखाव्यात हे सांगताना तो रत्ने, चंदन, कातडी यांच्या पंगतीला लोकरीची वस्त्रेही बसवतो. उत्तम लोकर कोणती? निसरडी, जणू ओलसर लागणारी, बारीक आणि मऊ. ‘बारीक’ आणि ‘मऊ’ हे दोन शब्द त्याने शेजारीशेजारी ठेवले आहेत, ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच प्रकरणात नेपाळकडून येणाऱ्या एका काळ्या कांबळ्याचीही नोंद आहे. आठ तुकडे जोडून ते करीत आणि ते पाऊस अडवी. त्याच्या मऊपणाबद्दल कौटिल्य अवाक्षर काढीत नाही. पाऊस अडवणे हाच त्याचा गुण. म्हणजे अंगाला लागणारी लोकर वेगळी आणि अंगावर घेण्याची वेगळी, ही जाण राजाच्या कोठाराला तेव्हाच होती.

ही जाण आपल्या धनगरालाही होती, आणि त्याने ती कोणा ग्रंथातून घेतली नव्हती. दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी, राठ, केसाळ. ऊन, माळ आणि वळवाचा पाऊस सोसणाऱ्या जनावराला तसेच पांघरूण हवे. मेंढरांची कातरणी वर्षातून दोनदा होते, बायका सूत काततात, सणगर मागावर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. अशी घोंगडी नवी असताना जवळजवळ उभी राहील इतकी ताठ असते. धनगर ती खांद्यावर टाकतो, पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतो, रात्री खाली अंथरतो. उघड्या अंगाला घट्ट बसेल असा कपडा तिचा कोणी शिवत नाही. शिवाय कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती वेगळी काढून तिची घोंगडी विणण्याची पद्धत आहे. जावळाची घोंगडी मऊ आणि अर्थातच महाग. एकाच कळपातली कोणती लोकर टोचेल आणि कोणती टोचणार नाही हे ज्याने ओळखले, त्याला अडाणी म्हणणारे आपण कोण? (लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, आणि भिजत घातलेली घोंगडी लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार वस्तुस्थितीला धरूनच आहे.) आता दिवस पालटले आहेत. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीला लोकर अशी फारशी नसतेच, तरी बाजारात तिला मोठा मान, कारण मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते.

मग राठ लोकर नेमकी कातडीला भिडली कुठे? जिथे सोसणे हेच पुण्य मानले गेले तिथे. आपल्याकडची धाबळी आठवावी. रेशमी मुकटा किंवा कद ज्यांना परवडत नसे ते सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसत. सुती धोतर धुऊन, कोणाचा स्पर्श न होता वाळले तरच सोवळ्याचे. लोकर आणि रेशीम मात्र जात्याच शुद्ध. तेव्हा चुलीपुढे घामाघूम होत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या उघड्या कातडीला धाबळी लागे, आणि तिने त्याबद्दल ब्र काढायचा नसे. युरोपातल्या भाविकांनी तर हे मुद्दाम ओढवून घेतले. कँटरबरीचा धर्मगुरू टॉमस बेकेट याचा १९७० नव्हे, तर बरोबर आठशे वर्षे आधी, ११७० च्या डिसेंबरात खून झाला. त्याचे भरजरी कपडे उतरवले तेव्हा आत केसांचा राठ सदरा निघाला. सर टॉमस मोरही असाच सदरा आत घाली. १५३५ साली शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी त्याने तो आपल्या लेकीकडे पाठवून दिला. या मंडळींच्या निष्ठेबद्दल मला आदरच आहे. पण एक फरक विसरू नये. बेकेटने सदरा स्वतः निवडला होता, धाबळी नेसणाऱ्या बाईपुढे निवड नव्हती.

इथवर मागावरच्या कापडाची गोष्ट झाली. आपला स्वेटर हा सुयांवरच्या विणीचा, आणि तो आपल्याकडे साहेबाबरोबर आला. म्हणून आता इंग्लंडात जायला हवे. तिथल्या कॅल्व्हर्टन गावचा विल्यम ली या पाद्र्याने १५८९ मध्ये पायमोजे विणण्याचे यंत्र बनवले. एलिझाबेथ राणीने त्याला मक्ता नाकारला. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी, की त्या यंत्राचे लोकरी मोजे राणीला फार जाडेभरडे वाटले. तेव्हा यंत्रात इंचाला आठ सुया होत्या. लीने जिद्दीने त्या वीसपर्यंत नेल्या आणि रेशमी मोजे विणून दाखवले. तरीही नकारच आला. या वेळी कारण सांगितले ते हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटाचे. ली फ्रान्सला गेला, चौथ्या हेन्रीचा आश्रय त्याला मिळाला, पण १६१० साली हेन्रीचाच खून झाला आणि ली पुढे चारएक वर्षांत पॅरिसमध्ये निराश अवस्थेत वारला. राजकारण सोडले तरी यातली एक गोष्ट तंत्राची आहे. इंचाला वीस सुया चालवायच्या तर सूत बारीक हवे, आणि सूत बारीक हवे तर मुळातला तंतू बारीक हवा. यंत्र कितीही सुधारले तरी गाडी शेवटी मेंढीपाशी येऊन थांबते.

बारीक तंतूची मेंढी स्पेनकडे होती. तिचे नाव मेरिनो. तिथल्या मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला राजाने १२७३ मध्येच सनद दिली होती आणि मेरिनो देशाबाहेर जाऊ नये म्हणून स्पेनने शतकानुशतके पहारा ठेवला. अठराव्या शतकात तो ढिला पडला. १७६५ मध्ये सॅक्सनीला कळप गेला, १७८६ मध्ये फ्रान्सच्या राजाने रांबुइए इथे कळप आणवला, आणि १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपहून थोड्या मेरिनो मेंढ्या ऑस्ट्रेलियाला उतरल्या. आज आपण जिला मऊ लोकर म्हणतो, तिच्यातली बरीचशी त्या कळपांच्या वंशजांची.

तरी एकोणिसाव्या शतकात टोचण्याला एक नवा कैवारी भेटला. स्टुटगार्टचे प्राध्यापक गुस्ताफ येगर यांनी १८८० मध्ये असे प्रतिपादन केले, की माणसाने अंगाला फक्त प्राण्यांपासून मिळणारे वस्त्र लावावे. सुती आणि तागाचे कापड म्हणजे वनस्पतीचे, ते शरीरातून निघणारी घाण धरून ठेवते, सबब अपायकारक. १८८४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाने दुकानही निघाले. दुसऱ्याच वर्षी बर्नार्ड शॉने, वडिलांच्या मृत्यूनंतर हाती आलेल्या विम्याच्या पैशातून, येगरी लोकरीचा पोशाख घेतला आणि तो घालून लंडनभर मिरवला. सुती अशुद्ध आणि लोकर शुद्ध, हा येगरसाहेबांचा सिद्धांत वाचताना मला आमच्या आजोळच्या सोवळ्याची आठवण होऊन हसू आवरेना. जर्मन प्राध्यापक आणि कोकणातली विधवा आजी यांचे एकमत व्हावे आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसावा! ‘स्वेटर’ या शब्दाचा जन्मही त्याच सुमाराचा. खेळाडूंना घाम आणण्यासाठी घालायचा जाड लोकरी कपडा तो स्वेटर. नावातच घाम आहे, आणि घामाचा टोचण्याशी संबंध आहे, तो आता सांगतो.

लोकर विकून पोट भरणाऱ्या ऑस्ट्रेलियाला हा प्रश्न पडणे साहजिक होते. तिथल्या संशोधकांनी १९८८ मध्ये जे प्रसिद्ध केले त्याचा मथितार्थ असा. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पश्मिना १२ ते १६ मायक्रॉनची असते, उत्तम मेरिनो १८ च्या आसपास किंवा त्याखाली. कापडातून बाहेर डोकावणारे तंतूचे टोक कातडीवर टेकले, की बारीक तंतू वाकतो आणि गप्प बसतो. जाड तंतू वाकत नाही, सुईसारखा रुततो, आणि कातडीत दुखण्याची जाणीव पोहोचवणारे जे मज्जातंतू आहेत त्यांना चेतवतो. जाडी दुप्पट झाली की वाकवायला सोळापट जोर लागतो, म्हणून थोड्याशा जाडीने एवढा फरक पडतो. सुमारे ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू शंभरात पाचाहून अधिक असले, की कापड टोचू लागते. उरलेले पंचाण्णव रेशमासारखे असले तरी उपयोग नाही. अंग गरम आणि घामेजलेले असेल तर टोचणे वाढते. माणसामाणसांतही फरक असतो, त्यामुळे एकाला जे जाणवते ते दुसऱ्याला जाणवेलच असे नाही. लोकरीची ‘ॲलर्जी’ म्हणतात तिचाही सोक्षमोक्ष लागला आहे. कातडीच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांतले लेखन तपासून २०१७ मध्ये असा निर्वाळा दिला, की तंतूची म्हणून ॲलर्जी असल्याचा पुरावा मिळत नाही. त्रास होतो तो जाडीचा.

या शोधातला सर्वांत उपयोगी भाग मला वाटतो तो बोटांविषयीचा. आपण दुकानात स्वेटर बोटांत धरून चोळतो आणि “मऊ आहे हो” म्हणतो. पण बोटांच्या पेरांची कातडी जाड, तिथे ही टोके रुतत नाहीत. विकत घेणाऱ्या आईची बोटे आणि घालणाऱ्या मुलाची मान यांत मतभेद होतो तो इथे. तेव्हा स्वेटर मानेला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून, थोडा वेळ तसाच धरून पाहावा. चिठ्ठीवर १९६४ साली निघालेले वुलमार्कचे चिन्ह असले तर लोकर शुद्ध असल्याची हमी मिळते, पण शुद्ध लोकर राठही असू शकते. जाडीचा आकडा लिहिलेला असला तर तो वाचावा. ‘लोकर’ म्हणून गुंड्या विकल्या जातात त्यांतल्या कित्येक अ‍ॅक्रिलिकच्या असतात. कॅशमिलॉन हे जपानी कंपनीने अशा धाग्याला दिलेले नाव आपल्या बायकांच्या तोंडी इतके रुळले, की ते मेंढीचेच वाटावे. हा धागा टोचत नाही आणि स्वस्त पडतो. पण घाम शोषत नाही.

घरात असलेल्या टोचऱ्या स्वेटरचे काय करावे? केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये बुडवला तर हाताला मऊ लागेल, पण जाड तंतू त्याने बारीक होत नाही. आत सुती कपडा घालावा, गळा उंच असलेला, हाच खरा उपाय. आणि इथे भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. आमच्या लहानपणी या आतल्या सुती कपड्याला गंजीफ्रॉक म्हणत. हा शब्द ‘गर्न्सी फ्रॉक’चा अपभ्रंश. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतले बेट, जर्सीचे शेजारी. आणि गर्न्सी फ्रॉक म्हणजे तिथल्या कोळ्यांचा, समुद्राच्या वाऱ्यात घालायचा, घट्ट विणीचा लोकरी सदरा. आपल्या हवेत येता येता त्याची लोकर गेली, सूत आले, बाह्या गेल्या, आणि नाव तेवढे उरले.