अरुण साधू

अरुण साधू (जन्म : परतवाडा, जि. अमरावती, १७ जून १९४१, मृत्यू : मुंबई, २५ सप्टेंबर २०१७) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, पत्रकार आणि पत्रकारितेचे प्राध्यापक होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या राजकीय कादंबऱ्या विशेष प्रसिद्ध आहेत. वार्ताहर म्हणून सत्ताकारणाचे जे जवळून दर्शन घडले, त्यातील वृत्तपत्रात न मावणारा भाग त्यांनी कादंबरीत आणला. इंग्रजी वृत्तपत्रांत नोकरी करीत असतानाही त्यांनी कथा-कादंबऱ्यांचे लेखन मराठीतच केले.

पार्श्वभूमी

मराठीत पत्रकार आणि कादंबरीकार या दोन भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडण्याची परंपरा जुनी आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या अनेक कादंबऱ्या क्रमशः वाचकांपुढे आल्या. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच राजकीय कादंबरीचा पाया घातला. भाऊ पाध्ये यांनीही वृत्तपत्रात काम केले होते; त्यांच्या ‘वासूनाका’ने मुंबईतील गल्लीबोळांचे जग साहित्यात आणले. साधू या परंपरेतील पुढचे नाव होत. मात्र त्यांच्यासमोरचे राजकारण वेगळे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर मंत्रिमंडळ, सहकारी साखर कारखाने, कामगार संघटना आणि मुंबईतील भांडवल यांच्या परस्परसंबंधांतून सत्तेची नवी रचना उभी राहिली होती.

शिक्षण व पत्रकारिता

साधू यांचे शिक्षण विज्ञान शाखेत झाले. पुण्यातील ‘केसरी’तून त्यांच्या पत्रकारितेचा आरंभ झाला. पुढे मुंबईत त्यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आदी इंग्रजी दैनिकांत काम केले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपदही सांभाळले. नंतरच्या काळात ते पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख होते.

श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातील लेखन हा त्यांच्या वाङ्मयीन वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरला. जगातील क्रांत्यांचा इतिहास त्यांनी मराठी वाचकांना कथेच्या ओघात सांगितला. चीनच्या क्रांतीवरील ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’ आणि क्यूबाविषयीचे ‘फिडेल, चे आणि क्रांती’ ही पुस्तके त्या काळातील तरुण वाचकांनी आवडीने वाचली. रशियन राज्यक्रांतीची आणि तिच्या परिणतीची कहाणी त्यांनी पुढे ‘तिसरी क्रांती’मध्ये मांडली. अनेक व्यक्ती, अनेक ठिकाणे आणि एकाच वेळी घडणाऱ्या घटना यांची सुसूत्र गुंफण करण्याचा सराव त्यांना या लेखनातून झाला. हीच गुंफण पुढे त्यांच्या कादंबऱ्यांचे वैशिष्ट्य ठरली.

कादंबरीकडे वळण

राजकीय वार्ताहराचे काम हे अर्धे छापण्याचे आणि अर्धे मनात ठेवण्याचे काम असते. मंत्र्यांच्या दालनांत, विधिमंडळाच्या आवारात आणि पत्रकार परिषदांनंतरच्या गप्पांत त्याच्या कानी पुष्कळ गोष्टी पडतात. त्यांपैकी ज्यांना पुरावा आहे आणि ज्या कोणाच्या तरी नावावर देता येतात, त्यांचीच बातमी होते. नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलेले, अंदाजाने उमगलेले, माणसांच्या हेतूंविषयी आणि भीतीविषयी कळलेले असे सारे वहीतच राहते. बदनामीचा कायदा, अंकातील अपुरी जागा आणि मालकांचे हितसंबंध यांची कुंपणेही असतातच. कादंबरीत हेतूला पुरावा लागत नाही, तो पात्राच्या वागण्यातून पटावा लागतो. साधूंच्या राजकीय कादंबऱ्यांचे सामर्थ्य या फरकात आहे.

मुंबई दिनांक

साधूंची ही पहिली गाजलेली कादंबरी १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. बातमीच्या सुरुवातीला स्थळ आणि तारीख देण्याची जी पद्धत आहे, तिचीच आठवण हे शीर्षक करून देते. कादंबरीला रूढ अर्थाने एकच नायक नाही. मुख्यमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार आणि महानगरात तगून राहण्यासाठी धडपडणारी सामान्य माणसे यांची आयुष्ये तीत समांतर चालतात आणि मधूनच एकमेकांना छेदतात. प्रसंग छोटे, वाक्ये आटोपशीर आणि वेग मोठा, अशी तिची धाटणी आहे. ‘वृत्तपत्रीय शैली’ हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत बहुधा उणेपणा दाखवण्यासाठी केला जातो. येथे मात्र तीच शैली शहराच्या गतीशी जुळून आली आहे.

सिंहासन

‘सिंहासन’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली होती. त्यामुळे सत्तेच्या अंतर्गत व्यवहारांविषयी वाचकांच्या मनात मोठे कुतूहल साचलेले होते. मुख्यमंत्र्यांना पदच्युत करण्यासाठी त्यांच्याच मंत्रिमंडळातून रचले जाणारे डावपेच आणि मुख्यमंत्र्यांनी त्यावर केलेली मात हा या कादंबरीचा गाभा आहे. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. कादंबरीत रंगवलेल्या सत्तांतराच्या राजकारणाशी मिळतीजुळती घटना एका वर्षातच राज्यात प्रत्यक्ष घडली होती.

या कथेतील पत्रकार दिगू टिपणीस हा सर्वज्ञ पण हतबल साक्षीदार आहे. सर्वच बाजूंचे लोक त्याच्याजवळ मन मोकळे करतात, त्याचा उपयोगही करून घेतात; परंतु त्याला जे कळते त्याने काहीच बदलत नाही. पत्रकाराला लोकशाहीचा पहारेकरी म्हणून गौरवण्याची रीत असताना स्वतः पत्रकार असलेल्या लेखकाने आपल्या व्यवसायाचे असे चित्र रेखाटावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. साधूंची टीका केवळ राज्यकर्त्यांवर नाही. जवळून पाहणारा माणूस हळूहळू त्या व्यवस्थेचाच भाग होतो, याकडे ती लक्ष वेधते.

चित्रपट रूपांतर

‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. अरुण सरनाईक यांनी मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, डॉ. श्रीराम लागू यांनी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी यांनी कामगार नेता डिकास्टा आणि निळू फुले यांनी दिगू टिपणीस या भूमिका केल्या. काही चित्रीकरण प्रत्यक्ष मंत्रालयात झाले. चित्रपटाच्या शेवटी दिगूला अनावर वेडसर हसू फुटते. मराठी चित्रपटांतील हा एक संस्मरणीय शेवट मानला जातो.

इतर लेखन व कार्य

साधूंच्या इतर कादंबऱ्यांत ‘बहिष्कृत’, ‘सत्तांध’, ‘त्रिशंकू’, ‘स्फोट’, ‘शापित’, ‘शोधयात्रा’, ‘तडजोड’ आणि ‘मुखवटा’ यांचा समावेश होतो. ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी आहे. ‘झिपऱ्या’मध्ये मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलांचे जीवन आले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये, या कादंबरीवरील चित्रपट प्रदर्शित झाला. ‘बिनपावसाचा दिवस’ आणि ‘मंत्रजागर’ हे त्यांचे कथासंग्रह होत. ‘पडघम’ हे नाटकही त्यांनी लिहिले. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा सहभाग होता. दिनकर गांगल, कुमार केतकर आणि अशोक जैन यांच्यासह ते ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होते. चांगली पुस्तके कमी किमतीत वाचकांपर्यंत, विशेषतः मोठ्या शहरांबाहेर, पोहोचवण्याचे काम या चळवळीने केले.

सन्मान व मृत्यू

साधू यांनी २००७ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना २०१५ मध्ये देण्यात आला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.