पाऱ्याच्या बाष्पाचे जंबुपार मापन

सामान्य तापमानास द्रवरूप असणारा पारा उघडा राहिल्यास त्याचे सतत बाष्पीभवन होते. २०° से. तापमानास या बाष्पाने संपृक्त झालेल्या १ घ. मी. हवेत सु. १३ मिग्रॅ. पारा असतो. भारतात कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने ठरविलेली मर्यादा ०·०५ मिग्रॅ. होती. बाष्प रंगहीन व गंधहीन असल्याने श्वासावाटे मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना होणारा अपाय कामगाराच्या उशिरा ध्यानी येतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेट श्टोक यांनी स्वतःला झालेल्या विषबाधेचे वर्णन १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या सुमारास बाष्पाने काळवंडणारा सिलिनियम सल्फाइडाचा कागद वापरात आला. परंतु त्यास वेळ लागे. १९३९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील टी. टी. वुडसन यांनी तत्काळ वाचन देणारे उपकरण वर्णिले. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा २५३·७ नॅनोमी. तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश पाऱ्याचेच अणू तीव्रतेने शोषतात. दिवा व प्रकाशविद्युत् घट यांमध्ये हवा खेळविल्यास प्रकाशात पडणाऱ्या घटीवरून बाष्पाचे प्रमाण कळते. मात्र बेंझिनासारखी बाष्पेही हा प्रकाश शोषीत असल्याने वाचनात चूक संभवते. याकरिता पारा प्रथम सोन्यावर धरून ठेवतात व नंतर तापवून मोकळा करतात.

पाणी, मासे इत्यादींतील पाऱ्यासाठी डब्ल्यू. आर. हॅच व डब्ल्यू. एल. ऑट यांची १९६८ ची पद्धती रूढ झाली. तीत स्टॅनस क्लोराइडाने संयुगांचे क्षपण करून सुटा झालेला पारा हवेच्या प्रवाहाने शोषणनळीत नेतात; ज्योत लागत नाही.

तमिळनाडूतील कोडाईकानल येथील तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. त्यानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील शाखेने परिसरातील दगडफूल व शेवाळ यांतील पारा तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखान्यालगतच्या नमुन्यांत तो अधिक आढळला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड होण्यास २०१६ साल उजाडले. वनस्पती हवेतील पारा साठवून ठेवतात, त्यामुळे तो मागाहूनही मोजता येतो. कामगाराने श्वासावाटे घेतलेल्या हवेचा पुरावा मात्र त्याच वेळी केलेल्या नोंदीतच राहतो. कामाच्या जागी नियमित मापनाचे महत्त्व यातच आहे.