जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस बदलताना: आधी तपासा, मग जोडा

लॅबमधला कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटले की पहिला इलाज ठरलेला असतो. बाजूच्या मशीनचा पॉवर सप्लाय काढा आणि याला लावून बघा. पॉवर सप्लाय म्हणजे बाजारात ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात तो पत्र्याचा डबा. इलाज बरोबर आहे, पण उलट्या दिशेने केला तर एकाऐवजी दोन मशीन जातात.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर होती आणि एक पीसी बंद पडला. त्याचा एसएमपीएस खराब आहे का हे बघायला तो आम्ही चालू मशीनला जोडला. जळका वास आला आणि चालू मदरबोर्डही गेला. उरलेले फॉर्म मुलांना सायबर कॅफेत पैसे देऊन भरावे लागले.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: चांगला एसएमपीएस बंद मशीनला लावून बघायचा. संशयाचा एसएमपीएस चालू मशीनला कधीच लावायचा नाही.

बदलण्याआधी

भिंतीचा सॉकेट, पॉवर कॉर्ड आणि एसएमपीएसमागचे बटण तपासा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते, तेव्हा दोष अनेकदा रॅमचा असतो. रॅम काढून, पुसून परत बसवा. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले दिसले, तर त्यावर चांगला एसएमपीएस लावू नका.

प्लग ओळखा

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणले. तेव्हा मदरबोर्डचा मुख्य प्लग २० पिनचा होता. २००० मध्ये प्रोसेसरसाठी वेगळा ४ पिनचा प्लग आला आणि २००३ मध्ये मुख्य प्लग २४ पिनचा झाला.

- आजच्या एसएमपीएसचा मुख्य प्लग बहुधा २०+४ असा असतो. जुन्या २० पिनच्या बोर्डाला सुटणारा ४ पिनचा तुकडा बाजूला ठेवा.
- हा तुकडा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये घालू नका. प्रोसेसरच्या प्लगला दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरी असतात; सुट्या तुकड्याला पिवळी, नारिंगी, लाल आणि काळी.
- प्लग दिसायला सारखा म्हणून वायरिंग सारखे, असे समजू नका. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही मशीनमध्ये प्लग एटीएक्ससारखाच, पण वायरींचा क्रम वेगळा होता. तिथे साधा एसएमपीएस लावला तर बोर्ड जळू शकतो.
- नंतरच्या अनेक ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये ६, ८, १० किंवा १४ पिनचे स्वतःचे प्लग आहेत. त्यांना त्याच मॉडेलचा सप्लाय लागतो.

लेबल वाचा

डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १४ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर मिळणार फक्त १६८ वॅट. पेंटियम ४ पासूनचे प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. पेंटियम ३ च्या काळचे बोर्ड मात्र ५ व्होल्टवर जास्त ओढतात, आणि नव्या सप्लायमध्ये ती बाजू कमजोर असते.

मागे ११५/२३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, हे दोनदा बघा. ११५ वर राहिला, तर प्लग लावताच धमाका होतो.

तपासणी आणि जोडणी

१. मशीन बंद करा, कॉर्ड काढा, पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरा.
२. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.
३. संशयाचा एसएमपीएस पूर्ण बाहेर काढा. त्याला एक भंगार हार्ड डिस्क जोडा. मुख्य प्लगमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मग सप्लाय द्या.
४. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरीवर ठेवून मोजा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. याबाहेर गेला तर तो एसएमपीएस बाद.
५. आकडे बरोबर आले तरी निर्धास्त होऊ नका. हार्ड डिस्कच्या हलक्या लोडवर चालणारा सप्लाय खऱ्या लोडवर बसू शकतो. चांगला एसएमपीएस लावून मशीन सुरू होते का, हीच पक्की खूण.

डबा उघडू नका

आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. मुलांना हे काम दाखवा, पण डब्याचे झाकण त्यांच्या हाती देऊ नका.

आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. धूळ साचलेला पंखा एसएमपीएसचा दुश्मन असतो. शाळा सुरू होण्याआधी, मशीन बंद ठेवून, बाहेरून ब्लोअर मारा. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बाद झालेला डबा भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. आणि कपाटात ठेवायचाच असेल, तर त्यावर मार्करने ‘खराब’ लिहा. नाहीतर पुढच्या फॉर्मच्या घाईत कोणीतरी तोच उचलून चालू मशीनला लावेल.