निर्बंधित बंदुकांची विक्री (कॅनडा)

कॅनडाच्या १९९५ च्या बंदूकविषयक कायद्यानुसार बंदुकांचे अनिर्बंधित, निर्बंधित व प्रतिबंधित असे तीन वर्ग आहेत. प्रतिबंधित नसलेली पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निर्बंधित वर्गात मोडतात. अशी बंदूक विकताना खरेदीदाराकडे त्या वर्गाचा परवाना असावा लागतो. शस्त्र निबंधकाने हस्तांतरणास मान्यता देऊन नव्या मालकाच्या नावे नोंदणी प्रमाणपत्र दिल्यावरच विक्री वैध ठरते.

२१ ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांच्या खाजगी खरेदी-विक्रीवर देशभर बंदी आली. ऑलिंपिक क्रीडाप्रकारांतील पात्र नेमबाजांसारखे मोजके अपवाद आहेत. इतर मालकांना आपले नोंदणीकृत पिस्तूल जवळ ठेवता येते. मात्र अपवादात न बसणाऱ्या व्यक्तीस, अगदी स्वतःच्या वारसासही, ते देता येत नाही.