बातमीचे गावकूस

वृत्तपत्रांच्या पक्षपाताची चर्चा आपल्याकडे छापून आलेल्या मजकुरावरून होते. कोणते दैनिक कोणत्या पक्षाच्या वळचणीला बसले, कोणत्या अग्रलेखाने कोणाची पाठराखण केली, यावर सुशिक्षित वाचक तासन्‌तास बोलतात. ही चर्चा निरुपयोगी नाही, पण ती अर्धी आहे. मजकूर छापण्याआधी तो कोणाकोणाच्या बोलण्यातून गेला, कोणी कोणाच्या कानात काय सांगितले आणि हे सांगणे-ऐकणे चालू असताना तेथे कोण हजर नव्हते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पत्रकारांची आपसातली जी खाजगी वर्तुळे असतात, त्यांचा इतिहास या देशात जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, गुजरातच्या हद्दीजवळचे हे गाव. पाठीशी सातपुडा आणि भोवती भिल्ल आदिवासींची खेडी. अशा गावातली बातमी मुंबईला पोचायची तर तिला तालुका, जिल्हा, विभागीय आवृत्ती अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवरच्या वार्ताहराला आपल्या ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी धड पगार नसतो. तोच अंकांची एजन्सी चालवतो, तोच वाढदिवसाच्या, सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती गोळा करतो आणि त्या जाहिरातींच्या कमिशनवर त्याचे घर चालते. जाहिरात देणारे कोण? पुढारी, व्यापारी, ठेकेदार, संस्थाचालक. मग रेशनचे धान्य वाटेतच जिरले किंवा रोजगार हमीची मजुरी थकली, तर बातमी द्यायची ती ज्याने दिवाळीला अर्धे पान जाहिरात दिली त्याच्याविरुद्ध! हा त्या गरीब वार्ताहराचा दोष म्हणून सोडून देणे सोपे आहे. वस्तुतः तो या उतरंडीतला सर्वांत खालचा माणूस आहे आणि उतरंड त्याने रचलेली नाही.

अलीकडे या उतरंडीला मोबाइलची जोड मिळाली. तालुक्यातालुक्यांत व्हॉट्सॲपवर पत्रकारांचे बंद गट आहेत. त्यांत पक्षांचे प्रसिद्धिप्रमुख असतात, अधिकारी असतात, पुढाऱ्यांचे स्वीय सहायक असतात. सकाळी एकाने टाकलेला मजकूर दुसऱ्या दिवशी पाच दैनिकांत पाच जणांच्या नावाने येतो. पुष्कळदा शुद्धलेखनाच्या चुकांसकट येतो. ज्याच्या शेतात ती घटना घडली तो या गटात नसतो. त्याला घटना कळते ती छापून आल्यावर, आणि तीही प्रमाण मराठीत, म्हणजे त्याच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत. साधन नवे आहे. व्यवहार मात्र जुना आहे. गावकुसाच्या आत बसून गावकुसाबाहेरच्यांविषयी ठरवण्याचा हा व्यवहार मराठी वृत्तपत्रांच्या जन्मापासून चालत आला आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या बाजूने बोलणारे पत्र त्याच शेतकरी-कष्टकरी समाजातल्या माणसाने काढावे लागले, याचा अर्थच असा की त्या वेळच्या प्रतिष्ठित पत्रांच्या बैठकीत त्या समाजाला जागा नव्हती. पुढे गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी हाती घेतली. १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. ही पत्रे अल्पायुषी किंवा हलाखीची ठरली, त्यांना वर्गणीदार मिळेनात, जाहिराती मिळेनात. पण त्यांच्या हलाखीची कारणमीमांसा पांढरपेशा इतिहासकारांनी केली ती ‘चिकाटीचा अभाव’ या दोन शब्दांत. जाहिरात कोण देतो आणि कोणाला देतो, हा प्रश्न त्यांना सुचला नाही.

तो प्रश्न १९२० साली उघडा पडला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने आणि शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ निघाले. नव्या पाक्षिकाची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली गेली. फुकट नव्हे, रीतसर पैसे मोजून. ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक त्या वेळी हयात होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. मताशी मत भिडले असते तर तो वाद झाला असता; वादात प्रतिपक्षाचे अस्तित्व तरी मान्य करावे लागते. येथे वाद झालाच नाही. असे एक पत्र निघाले आहे एवढी माहितीसुद्धा आपल्या वाचकाला होऊ द्यायची नाही, असा हा निर्णय होता. पाणवठ्यावर पाणी नाकारतात, तसे येथे रकाना नाकारला. पक्षपाताचे सर्वांत पक्के रूप शिवीगाळीत नसते, ते या मौनात असते. शिवीला उत्तर देता येते. मौनाला उत्तर द्यायचे तर आधी स्वतःचा छापखाना लागतो. म्हणूनच ‘मूकनायक’मागून ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘समता’ (१९२८), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) अशी पत्रांची मालिका बाबासाहेबांना उभी करावी लागली.

या सगळ्या अनुभवाचा हिशेब बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात मांडला. त्यांचे विवेचन थोडक्यात असे: अस्पृश्यांना स्वतःचे वृत्तपत्र नाही, जाहिरातीच्या उत्पन्नावाचून वृत्तपत्र जगत नाही, जाहिराती व्यापाऱ्यांकडून येतात आणि व्यापार काँग्रेसशी बांधलेला आहे. याच्या पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. देशभर बातम्या पुरवणारी मुख्य संस्था त्या वेळी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही होती. तिचा कर्मचारीवर्ग मद्रासकडच्या ब्राह्मणांतून आलेला आहे आणि काँग्रेसला अडचणीची बातमी तो पुढे जाऊ देत नाही, असे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले. परदेशी वाचकाला अस्पृश्यांची बाजू का कळत नाही, याचे ते उत्तर देत होते.

या विश्लेषणाचे मोल आज अधिक जाणवते. बाबासाहेब एका संपादकावर किंवा एका अग्रलेखावर बोलत नव्हते. बातमी ज्या नळातून येते त्या नळाच्या तोंडाशी कोण बसले आहे, हे ते दाखवीत होते. तेथे बसलेल्या माणसांनी कट करण्याची गरजच नसते. एकाच जातीतली, एकाच प्रकारच्या शाळांतून आलेली, परस्परांच्या लग्नकार्यांत भेटणारी माणसे एकत्र बसली की काय ‘महत्त्वाचे’ आणि काय ‘किरकोळ’ हे न बोलताच ठरते. कट उघडकीला आणता येतो. सवयीचे काय करणार? जो सवयीने वागतो तो स्वतःला प्रामाणिकपणे निःपक्षपाती समजतो.

स्वातंत्र्यानंतर ही सवय गेली काय? १९७२ साल आठवावे. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावडा येथे दलितांवर बहिष्कार पडला. या पार्श्वभूमीवर ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला कायदा जी शिक्षा देतो तिच्याशी दलित स्त्रीच्या अब्रूची किंमत त्यांनी ताडून पाहिली. गदारोळ उठला तो ध्वजाविषयीच्या शब्दांवर. पत्रे आली, निषेध झाले, मोर्चे निघाले. ज्या स्त्रियांसाठी लेख लिहिला गेला त्या मात्र चर्चेतून पुसल्या गेल्या. ‘साधना’ने लेख छापला हे तिचे श्रेय आहेच. पण लेखातला कोणता भाग बातमी ठरतो आणि कोणता ठरत नाही, याचा तो जिवंत धडा होता.

याच सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी वेगळा धडा गिरवला जात होता. १९७१ च्या मे महिन्यात शहादे तालुक्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. जमीनमालकांच्या तोंडी ती ‘लूट’ होती. आदिवासींच्या बाजूने पाहिले तर ती उपाशी, जमिनी गमावलेल्या माणसांची कहाणी होती. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा त्याच समाजातला कार्यकर्ता उभा राहिला, १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली, ‘मागोवा’सारख्या छोट्या नियतकालिकाभोवतीचे तरुण पुण्याहून तेथे येऊन राहिले, तेव्हा कोठे दुसरी बाजू शहरात पोचली. बातमीची वाट बदलली म्हणून बातमी बदलली. पुढे १९९३ साली सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत शिरले. तेच पाणी हद्दीपलीकडे जीवनदायिनी म्हणून छापले जात होते आणि अलीकडे घरे बुडत होती. खापर या दोन बातम्यांच्या मधोमध आहे.

त्यानंतर हा जिल्हा बातमीत येतो तो ठरावीक प्रसंगी. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातल्या टेंभली येथे देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा दिल्लीचे पत्रकार आले. काठीच्या राजवाडी होळीची छायाचित्रे दरवर्षी येतात. मोरपिसांचे टोप आणि घुंगरू यांना रकाना आहे. कुपोषणाने दगावलेल्या मुलाला आकड्यापुरती जागा आहे. आदिवासी दृश्य म्हणून चालतो, साक्षीदार म्हणून चालत नाही.

नळाच्या तोंडाशी कोण बसले आहे, याची मोजदादही झाली आहे. १९९६ साली बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त वार्ताहरांच्या यादीतल्या ६८६ नावांत त्यांना एकही दलित सापडला नाही. २००६ साली दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतल्या ३१५ निर्णयाधिकारी पत्रकारांची पाहणी झाली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. २०१९ साली अशाच पाहणीत प्रमुखपदांच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे आढळल्या आणि दलित-आदिवासींकडे शून्य. २००६ च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचे हत्याकांड घडले. चौघांची हत्या होऊनही राष्ट्रीम्हणवणाऱ्या माध्यमांना ती बातमी वाटायला कित्येक आठवडे लागले. आधी अनैतिक संबंधांची कुजबूज छापली गेली. सत्य पसरले ते आपल्या कार्यकर्त्यांच्या फोनांतून, संदेशांतून, पत्रकांतून, आणि नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले तेव्हा माध्यमांना जाग आली. वर दिलेले शून्य आणि हे आठवडे यांचा संबंध कोणाला दिसत नसेल तर त्याला पाहायचे नाही, एवढाच अर्थ.

खाजगी वर्तुळांचा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत २००७ ते २०१० या काळात उदारमतवादी पत्रकार-प्राध्यापकांचे ‘जर्नोलिस्ट’ नावाचे बंद पत्रव्यवहाराचे वर्तुळ होते. त्यात काही शे सभासद होते. आतला मजकूर फुटल्यावर विरोधकांनी त्याला कट म्हटले. सभासद म्हणाले, या मित्रांच्या गप्पा होत्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्याकडे नीरा राडिया यांच्या ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या आणि मंत्रिमंडळाच्या बांधणीविषयी नामांकित पत्रकार दलालांशी कसे बोलतात ते देशाने ऐकले. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, महाराष्ट्रातल्या परस्परस्पर्धी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर शब्दशः छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते प्रकरण उजेडात आणले, आणि विकत घेतलेल्या बातमीवर वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीला अहवाल लिहावा लागला.

पत्रकारांनी आपसात बोलू नये काय? अवश्य बोलावे. विचारविनिमयावाचून पत्रकारिता होत नाही, आणि प्रत्येक संभाषण चव्हाट्यावर मांडा असे म्हणणे हुकूमशाहीला आमंत्रण आहे. खैरलांजीच्या वेळी आपले निरोपही खाजगीच होते. पण दोन्ही खाजगीपणांत फरक आहे. ज्याच्या हाती छापखाना नाही तो दार लावून बोलतो ते स्वतःच्या रक्षणासाठी. ज्याच्या हाती छापखाना आहे तो दार लावतो तेव्हा बाहेरच्यांची बातमी आत ठरत असते. म्हणून आतले बोलणे उघड करा अशी आपली मागणी नाही. आपली मागणी आत कोण बसणार याविषयी आहे.

आणि ही मागणी करताना आपल्या स्वतःच्या बैठकीकडेही पाहिले पाहिजे. आपल्या चळवळीच्या नियतकालिकांत, आपल्या मोबाइलवरच्या गटांत सातपुड्यातला भिल्ल, पावरा, वसावे किती आहे? भटक्या-विमुक्तांतली बाई किती आहे? बहिष्कृतांनी आपल्याभोवती आणखी एक कूस घालून घेतले तर बाबासाहेबांचे विश्लेषण आपल्यालाच लागू पडेल.

मार्ग नाही असे नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून १९६७ पर्यंत ‘दीनमित्र’ चालवले ते पुण्या-मुंबईहून नव्हे, नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून. तरवडीसारख्या गावात छापखाना घालून. तेव्हा खिळे जुळवावे लागत, आज तेवढीही अडचण नाही. खापरच्या आश्रमशाळेतून, वाडी-पाड्यांतून शिकून निघालेल्या मुलामुलींनी आपल्या गावाची बातमी आपल्या बोलीत आणि मराठीत, स्वतःच्या नावाने लिहावी, आणि आपल्या नियतकालिकांनी ती पहिल्या पानावर, मानधन देऊन छापावी. जाहिरातदाराच्या मेहेरबानीवाचून वार्ताहर जगेल एवढी वर्गणी आपण गोळा करावी. ‘केसरी’ने रकाना नाकारला त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तो रकाना आता मागायचा नाही. आपल्या हाती जे रकाने आहेत ते कोणाला नाकारले जात नाहीत ना, हे पाहायचे आहे.